‘उत्पत्ती’ची आरंभीची वचने आपण कशी वाचावीत?

बायबलमधील ‘उत्पत्ती’ हा पहिला ग्रंथ. मिशनरी शाळेत शिकणारी आपली मुले त्यातील सृष्टिनिर्मितीची कथा ऐकून घरी विचारतात, “हे खरे की खोटे?” उत्तराची घाई करू नये. अह्‌ले किताबच्या कथनाला सरसकट खरे म्हणू नये आणि खोटेही ठरवू नये, अशी प्रेषित मुहम्मद (स.) यांची शिकवण ‘सहीह बुखारी’त आली आहे. या कसोटीवर तीन गोष्टी पाहू.

पहिले वचन सांगते की, आकाश व पृथ्वी ईश्वराने निर्माण केली. तेथील ‘बारा’ हे हिब्रू क्रियापद त्या अर्थाने केवळ ईश्वराच्याच कृतीसाठी येते. अरबीत याच धातूपासून अल्लाहचे ‘अल्-बारी’ हे नाम आहे (सूरह हश्र, आयत २४). येथे कुरआन दुजोरा देतो. म्हणून हे आपल्याला मान्य आहे.

दुसऱ्या वचनात अंधार, अथांग जल आणि जलावर ईश्वराचा ‘रूआख’ आहे. अनेक ख्रिस्ती भाष्यकार त्यात पवित्र आत्मा, पर्यायाने त्रैक्य पाहतात. परंतु ‘रूआख’ म्हणजे वाराही आणि आत्माही; अरबीतील ‘रीह’ व ‘रूह’ हे त्याचेच सगोत्र शब्द. दहाव्या शतकातील यहुदी विद्वान सअदिया गाओन यांनी आपल्या अरबी अनुवादात येथे ‘वारा’ हाच अर्थ घेतला. म्हणजे त्रैक्य त्या शब्दात नाही, भाष्यात आहे. ते आपण स्वीकारत नाही. निर्मितीपूर्वी अल्लाहचा अर्श पाण्यावर होता, एवढे कुरआन सांगतो (सूरह हूद, आयत ७). त्यापुढील तपशिलाबाबत मौन बरे.

कथेच्या अखेरीस, दुसऱ्या अध्यायात, सातव्या दिवशीचा ‘विसावा’ येतो. मूळ ‘शाबत’ या धातूचा अर्थ ‘थांबणे’ असाही होतो आणि अनेक यहुदी व ख्रिस्ती विद्वानही ईश्वर थकला असे मानत नाहीत. तरीही वाचणाऱ्याच्या मनात थकव्याची कल्पना शिरलीच, तर कुरआन ती निःसंदिग्धपणे दूर करतो : सहा दिवसांत सर्व निर्माण करूनही अल्लाहला थकव्याने स्पर्श केला नाही (सूरह काफ, आयत ३८).

तेव्हा मुलांना सांगावे : कुरआन ज्याला दुजोरा देतो ते मान्य, ज्याचे खंडन करतो ते अमान्य आणि जेथे तो मौन पाळतो तेथे आपलेही मौन. शेजाऱ्याच्या ग्रंथाची टवाळी मात्र कधीही नको. अह्‌ले किताबशी उत्तम रीतीनेच संवाद करावा, हा अल्लाहचाच आदेश आहे (सूरह अन्कबूत, आयत ४६).

अल्लाह आम्हा सर्वांना ज्ञान आणि विवेक प्रदान करो. आमीन.