रिमोटच्या गाडीची दुरुस्ती : 'आयसी गेला' म्हणण्यापूर्वी

ईद होऊन चार-आठ दिवस गेले की रेडिओ-टेपच्या जुन्या कारागिराकडे एक वेगळेच गिऱ्हाईक येऊ लागते. बापाचे बोट धरून आलेले पोर आणि पोराच्या काखेत रिमोटची गाडी. "परवापर्यंत चालत होती, चाचा," एवढीच तक्रार. असोदा हे जळगावला खेटून असलेले गाव. खेळणे जळगावच्या बाजारातून आणलेले असते आणि ते परत न्यावे तर दुकानदार सांगतो की खेळण्याला गॅरंटी नसते. मग गाडी आपल्या टेबलावर येते, आणि आपल्यातलेच पुष्कळ कारागीर ती न उघडता सांगून टाकतात, "आयसी गेला, फेकून द्या." अनुभवावरून सांगतो, हे वाक्य बहुतेक वेळा चुकीचे असते. त्यात पोराची गाडी जाते, आणि आपली हक्काची मजुरीही जाते.

आज या कामाकडे पाहण्यास कारण आहे. केंद्र सरकारने 2020 साली खेळण्यांवरील आयात शुल्क 20 टक्क्यांवरून 60 टक्के केले आणि 2023 साली ते 70 टक्क्यांवर नेले. 1 जानेवारी 2021 पासून खेळण्यांवर आय.एस.आय. चिन्ह सक्तीचे झाले. विजेच्या खेळण्यांसाठी आय.एस. 15644 हे मानक लागू आहे. चांगली गाडी महाग झाली, तेव्हा ती दुरुस्त करून घेण्याची बापाची तयारीही वाढली. रेडिओ, टेपरेकॉर्डर आणि ब्लॅक अँड व्हाइट टीव्हीवर हात बसलेल्या कारागिरांना तर हे काम नवे नाहीच. रिमोटची गाडी म्हणजे दोन लहान रेडिओ, एक बोलणारा आणि एक ऐकणारा.

जुन्या पद्धतीच्या गाड्या 27 मेगाहर्ट्झवर चालतात. रिमोटमध्ये क्रिस्टल असतो, त्यावर बहुधा 27.145 लिहिलेले असते. रिमोटमध्ये टीएक्स-2बी आणि गाडीत आरएक्स-2बी अशी आयसींची जोडी पुष्कळ मॉडेलांत सापडते. बटण दाबले की रिमोट ठरावीक ठोके पाठवतो : पुढे जाण्यासाठी 10, मागे जाण्यासाठी 40, डावीकडे 58, उजवीकडे 64. गाडीतला आयसी ते मोजतो. दोन्ही आयसींची चाल सारखी राहावी म्हणून प्रत्येकाजवळ सुमारे 200 किलोओहमचा एक रेझिस्टर असतो. सेल गळून त्या रेझिस्टरच्या पायांवर क्षार चढला की गाडीला ऐकू येते, पण समजत नाही. आयसी मात्र ठणठणीत असतो. एकाच फ्रिक्वेन्सीच्या दोन गाड्या एका रिमोटने पळाल्या तर तो बिघाड नव्हे, हे गिऱ्हाइकाला समजावून सांगावे.

आता कामाचा क्रम. आधी सेल, मग स्प्रिंग आणि पत्री, मग स्विच, मग वायरी, मग मोटर, आणि सर्वांत शेवटी प्लेट. सेल मीटरवर नुसता मोजू नये. साधा कार्बनचा सेल रिकामा मोजला तर दीड व्होल्टच्या आसपास दाखवतो आणि मोटर फिरताच बसतो. गाडी चालू करून, चाक अडवून व्होल्ट पाहावेत. चार सेलच्या गाडीत ते 4 च्या खाली गेले तर आधी नवे सेल घालून पाहा. स्प्रिंगवर पांढरा-हिरवा थर असेल तर तो खरवडून, पॉलिशपेपर मारून, स्पिरिटने पुसून पुन्हा कथील चढवावे. वायरींमध्ये बारीक वायर टाक्याच्या मुळाशीच तुटते. वरचे प्लास्टिक शाबूत असल्याने ती डोळ्याला दिसत नाही, म्हणून चिमट्याने हलके ओढून पाहावी.

मोटरची परीक्षा सोपी आहे. तिच्या दोन्ही वायरी प्लेटवरून सोडवून थेट सेलवर लावा, मग उलट्या लावा. दोन्ही दिशांना फिरली तर मोटर चांगली. नाही फिरली तर आधी आसाभोवती गुंडाळलेला केस आणि सतरंजीचा दोरा काढा. घरात गाडी खेळवणाऱ्या पोरांच्या मोटरींत हा गुंता हमखास निघतो.

एक चूक आमच्याच हातून झालेली सांगतो. एक गाडी आली, ती चालू केली की दोन बोटे पुढे जाई, थांबे, पुन्हा उचकी दिल्यासारखी पुढे जाई. आम्ही आयसी बदलला. फरक नाही. क्रिस्टल बदलला. फरक नाही. दिवस गेला. शेवटी मोटरकडे पाहिले तर तिच्या दोन टोकांवर असणाऱ्या 104 च्या कंडेन्सरचा एक पाय तुटलेला. मोटरच्या कार्बनवर ठिणगी पडते, ती ठिणगी म्हणजे स्वतःच एक लहानसा रेडिओ असतो. कंडेन्सर तिला गिळतो. तो सुटला की मोटर फिरताच गाडीचा कान बधिर होतो, गाडी थांबते, ठिणगी थांबते, कान पुन्हा उघडतो. म्हणून उचक्या. चहाच्या कपाहून स्वस्त असलेल्या त्या कंडेन्सरने आमचा दिवस खाल्ला. तेव्हापासून मोटरच्या वायरी सोडवून त्या जागी 330 ओहमच्या रेझिस्टरसह एलईडी लावून पाहण्याची सवय ठेवली आहे. 'पुढे' दाबल्यावर एलईडी स्थिर पेटला, फिरवून लावल्यावर 'मागे'ला पेटला, म्हणजे प्लेट निर्दोष.

गाडी पुढे जाते पण मागे जात नाही, किंवा चालू करताच आपोआप पळत सुटते, तेव्हा मोटर चालवणारे ट्रान्झिस्टर पाहावेत. मोठ्या आकाराचे असले तर त्यांवर 8050 आणि 8550 लिहिलेले असते. प्लेटला चिकटलेले तांदळाएवढे असले तर खुणा वेगळ्या असतात : जे3वाय म्हणजे एस8050, 2टीवाय म्हणजे एस8550, वाय1 म्हणजे एसएस8050, वाय2 म्हणजे एसएस8550. मीटर डायोडवर ठेवून बेस-एमिटर 0.6 ते 0.7 दाखवायला हवा. शून्याजवळ दाखवला तर ट्रान्झिस्टर शॉर्ट समजावा. मात्र 8050 च्या पायांचा क्रम सगळ्या कंपन्यांचा सारखा नसतो, जुना काढण्यापूर्वी मीटरने पाय ओळखून कागदावर काढून ठेवा. आयर्न 25 वॅटचे पुरे. टाका दोन-तीन सेकंदांत व्हावा, जास्त वेळ टेकवले तर प्लेटवरची तांब्याची पट्टी उचलते, मग बिघाड आपला होतो.

एका ठिकाणी हात लावूच नये. गाडीतल्या कॉइलच्या आत स्क्रूसारखा फेराइटचा कोअर असतो, त्यावर मेण टाकलेले असते. पल्ला कमी झाला म्हणून तो फिरवणारे कारागीर गाडी कायमची बहिरी करतात. पल्ला कमी झाला असेल तर आधी अँटेना पाहा. 27 मेगाहर्ट्झच्या लहरीची लांबी सुमारे 11 मीटर आहे, तिच्या मानाने गाडीची वायर आधीच फार आखूड, त्यात पोराने ती वीतभर कापली तर काय उरणार? कापली तेवढीच जोडा, अधिक नको.

नव्या गाड्या 2.4 गिगाहर्ट्झच्या. त्यांची अँटेना सुमारे 3 सेंटिमीटरची असते आणि आयसीवर पुष्कळदा काळ्या लाखेसारखा थेंब टाकलेला असतो. तो थेंब आपल्याला उघडता येत नाही, हे कबूल करावे. पण बाकीचा क्रम तोच. यांपैकी काही गाड्या बिघडलेल्याही नसतात, रिमोटशी त्यांची फक्त जोडी तुटलेली असते. गाडी बंद करून चालू करा, मग रिमोट चालू करा. लुकलुकणारा दिवा स्थिर झाला की जोडी जमली. काही रिमोटांत त्याआधी दांडी एकदा पुढे-मागे करावी लागते. थेंब खरोखरच मेला असेल तर रिमोट आणि प्लेटची तयार जोडी मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर मिळते. गिऱ्हाइकाला आधी खर्च सांगूनच ती मागवावी.

सर्वांत जपण्याचे काम लिथियम सेलचे. त्यावर 3.7 व्होल्ट लिहिलेले असते, पूर्ण भरला की तो 4.2 होतो. पूर्वीच्या निकेल-कॅडमियम पॅकचा चार्जर पिन बसते म्हणून याला लावू नका, आग लागते. फुगलेला सेल टोचू नका, चार्ज करू नका, खानदेशच्या उन्हाळ्यात पत्र्याच्या दुकानात तर ठेवूही नका. चार्जरची टीपी4056 ही लहान प्लेट बसवायची असेल तर संरक्षणाची सोय असलेलीच घ्या. ती तयार येते तेव्हा 1.2 किलोओहमचा रेझिस्टर असतो आणि 1 अँपिअर सोडते. 500 मिलिअँपिअर-तासाच्या सेलला ते फार झाले. त्या जागी 5 किलोओहम लावला की सुमारे 250 मिलिअँपिअर मिळतात. रिमोटमध्ये बटण सेल असेल तर झाकणाचा स्क्रू परत बसवल्याशिवाय ते पोराच्या हाती देऊ नये. तो सेल गिळला गेला तर अन्ननलिका काही तासांत जळते. 'स्क्रू हरवला' म्हणून चिकटपट्टी लावून देणे चालणार नाही, डब्यात सुटे स्क्रू ठेवा.

पैशाविषयी दोन शब्द. तपासणीची मजुरी वेगळी ठरवून आधी सांगावी, मग गाडी दुरुस्त होवो न होवो. नुसता टाका सुटला असेल तर टाकाच सांगावा. काढलेला पार्ट पुडीत बांधून गाडीबरोबर परत द्यावा. टेबलावरची गाडी ही अमानत आहे, तिची मोटर काढून दुसऱ्या गाडीत घालणे ही चोरीच, मग ती कितीही जुनी असो. एक चांगली गाडी आणि तिचा चांगला रिमोट मात्र स्वतःच्या पैशाने दुकानात ठेवावा. आलेला रिमोट दुकानच्या गाडीवर आणि आलेली गाडी दुकानच्या रिमोटवर लावली, दोन्ही एकाच फ्रिक्वेन्सीच्या आणि एकाच आयसीच्या असल्या, की कोण बोलत नाही आणि कोण ऐकत नाही ते मिनिटात कळते.

एकट्या खेळण्यांवर घर चालणार नाही, हेही खरे. पण कापूस आणि केळीवाल्या शेतकऱ्याचा बॅटरीचा फवारणी पंप उघडून पाहा : बॅटरी, स्विच, वायर, मोटर. औषधाच्या पाण्याने गंजलेला स्विच आणि पट्ट्याजवळ तुटलेली वायर, तिथेही तपासणी याच क्रमाने करायची. फक्त पंप आधी धुऊन आणायला सांगा, आणि हातमोजे घाला.