‘आपल्यातलाच’ शेजारी



आमच्या जमातीतील एक गृहस्थ जुमाच्या नमाजनंतर थांबले. कात्रपला घर पसंत पडले होते, बयाणा द्यायचा होता. दलालाने आधारकार्डावरील नाव वाचले आणि म्हणाला, “सोसायटीला आपल्यातलेच लोक हवेत.” गृहस्थांनी मला विचारले, “मौलाना, हिंदू मित्राच्या नावावर घर घेतले तर?”

मी नको म्हणालो. 1988 च्या कायद्याने बेनामी व्यवहाराला मनाई आहे आणि फसवणुकीला शरीअतही अनुमती देत नाही. शिवाय उसन्या नावाचा निवारा टिकत नाही. 1917 मध्ये परदेशातून शिकून आलेल्या डॉ. आंबेडकरांना बडोद्यात पारशी नाव सांगून पारशी धर्मशाळेत राहावे लागले; थोड्याच दिवसांत लाठ्या घेतलेल्या माणसांनी त्यांना बाहेर काढले. त्यांच्या हिंदू आणि ख्रिस्ती मित्रांनीही आसरा देण्याचे टाळले.

मूळ मालकच विकत नसेल, तर उपाय थोडा. मात्र 1960 च्या महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमानुसार पात्र व्यक्तीला पुरेशा कारणाशिवाय सभासदत्व नाकारता येत नाही. निबंधकाकडे दाद मागता येते. वाट सोपी आहे असे नाही. गुजरातमधील एका पारशी संस्थेने उपविधीत घातलेली ‘फक्त पारशी’ ही अट सर्वोच्च न्यायालयाने 2005 मध्ये ग्राह्य धरली. पण उपविधीत नसलेला, दलालाच्या तोंडचा ‘नियम’ कोणावर बंधनकारक नाही. म्हणून उत्तर लेखी मागावे.

मग सहज विचारले, “तुमची जुनी खोली कोणाला देणार?”

“आपल्यातल्याच कोणाला तरी. त्या खालच्या वस्तीतले नकोत.”

सूरह हुजुरातची तेरावी आयत त्यांना पाठ आहे. कुळे आणि जमाती परस्परांच्या ओळखीसाठी आहेत, श्रेष्ठत्व केवळ तकव्याने ठरते, हा तिचा आशय. आपल्या फुकहांनी तो व्यवहारातही आणला. शुफआ, म्हणजे विकल्या जाणाऱ्या मालमत्तेवरील अग्रक्रयाचा हक्क. हनफी मताने तो शेजाऱ्यालाही मिळतो, शाफई मताने केवळ सहमालकाला. परंतु हक्कदार मुस्लिम नसला तरी हक्क तोच, यावर दोन्ही इमाम सहमत आहेत. (मदरशात हे प्रकरण मी कंटाळत वाचले होते.) हजरत अब्दुल्लाह बिन अम्र (रजि.) यांच्या घरी बकरी कापली गेली, तेव्हा यहुदी शेजाऱ्याकडे वाटा पोहोचला का, हे त्यांनी पुन्हा पुन्हा विचारले आणि शेजाऱ्याच्या हक्काविषयीचे प्रेषितांचे (स.) वचन घरच्यांना ऐकवले.

गृहस्थ बराच वेळ गप्प होते. सोसायटीला द्यायचा अर्ज मीच मराठीत लिहून दिला. तो त्यांनी दिला आहे. खोलीविषयी ते अद्याप काही बोललेले नाहीत.