कानस लागली तिथंच कळलं

आमच्या रोबोचा दोन गतींचा गिअरबॉक्स डिझाइनमुळे गेला असं टीममधले काही जण अजूनही सांगत फिरतात, म्हणून एकदाचं लिहून टाकतो.

रोबोकॉन या रोबोंच्या स्पर्धेत वजनाची मर्यादा असते आणि ग्रॅम-ग्रॅमवरून भांडणं होतात. मोटरच्या शाफ्टवर २० आणि ४० दातांचे गिअर, आउटपुटवर ६० आणि ४० दातांचे, मॉड्यूल १. दोन्ही जोड्यांची बेरीज ८०, म्हणून शाफ्टमधलं अंतर दोन्हीकडे ४० मिलिमीटरच. आधी ही बेरीज जुळवा, मग कॅड उघडा. आउटपुटचे गिअर बेअरिंगवर मोकळे फिरतात. मधला डॉग, म्हणजे दातेरी कडं, न्यूमॅटिक सिलिंडरने सरकून एकाला पकडतो. पेटीऐवजी ७०७५ ॲल्युमिनियमच्या दोन प्लेटा, मोठ्या गिअरच्या पोटात भोकं.

ड्रॉइंगवर ठळक लिहिलं होतं: डॉग आणि लहान गिअर २० एमएनसीआर ५, केस हार्डन, ५८ ते ६० एचआरसी. पुण्याच्या गिअर कटिंगवाल्याने फोनवर नुसतं ‘हो सर, हो सर’ केलं, सगळे पैसे आधी घेतले आणि माल छान काळा करून पाठवला. काळा रंग बघून टीम खूश!

सरावात जोर लावला की लो गिअर सुटायचा. गिअरवाल्याला फोन केला तर म्हणे, ‘डॉगचा अँगल चुकलाय तुमचा. स्टुडंट लोकांना प्रॅक्टिकल नसतं.’ अँगल ३ अंश आत होता. दोन्ही बाजू एकमेकींना ओढून धराव्यात म्हणून तो मुद्दाम दिला होता. मोटारसायकलच्या डॉगलाही असाच देतात. पण आमच्या गाइड सरांना त्याचंच पटलं.

सुट्टीत गावी, मानोऱ्याला आलो तेव्हा गिअरबॉक्स सोबत आणला. इथे रोबो कोण बघणार, पण थ्रेशरचे शाफ्ट रोज दुरुस्तीला येतात. लेथवाल्या काकांनी डॉगच्या गोल झालेल्या कोपऱ्यावरून बोट फिरवलं आणि बारीक कानस मागितली. केस हार्डन पोलादावरून कानस काचेवरून घसरावी तशी घसरते. इथे ती चावली. काळा थर निघाला, खाली पांढरं चकचकीत लोखंड, काकांच्या अंगठ्याला कीस.

“हे तं कच्चंच आहे ना बाप्पा! तुह्या अँगलनं काय होते?”

सरांना फोटो पाठवला. उत्तरात फक्त अंगठा आला.

तर माल हातात आल्यावर, बसवण्याआधी, डॉगच्या बिनकामाच्या काठावर कानस लावून पाहा. हार्डनिंगचा रिपोर्ट लेखी मागा. तो मिळेपर्यंत अर्धे पैसे अडवून ठेवा. आधी हेही विचारा की दोन गती लागतातच का. २५ किलोचा रोबो, घर्षणांक ०.८ धरला, तर सगळी चाकं मोटरवर असूनही ढकलायला जास्तीत जास्त साधारण २०० न्यूटन मिळतात. लो गिअरने त्यापेक्षा जास्त जोर दिला तर चाकं जागीच घसरतात. अमेरिकेतल्या शाळकरी टीम दोन गतींचे तयार गिअरबॉक्स विकत घेऊन बसवतात. आपल्याकडे ते परवडत नाहीत, म्हणून असल्या लोकांच्या दारात जावं लागतं. बाकी नेहमीचंच: सुटे भाग जास्तीचे ठेवा, बिल सांभाळा, कामं शेवटच्या आठवड्यावर ढकलू नका.

परवा त्याच गिअरवाल्याचा मेसेज आला, ‘नवीन हॉबिंग मशीन घेतलंय, काम असेल तर कळवा.’ सोबत हात जोडलेले.