बाबूरावच ठेव, पण पूर्ण लिही

अगं, सासऱ्यांनी बाळाला आजेसासऱ्यांचं नाव ठेवायचं म्हटलं म्हणून एवढी हिरमुसू नकोस. नाव जुनं आहे, मान्य. 'हेराफेरी' आल्यापासून बाबूराव म्हटलं की लोकांना जाड भिंगाचा चष्मा आठवतो, पोरं शाळेत चिडवतील ही तुझी भीतीही खोटी नाही. पण तो सिनेमा 2000 सालचा. आपल्या जंगलात हे नाव त्याच्या कितीतरी आधीपासून आहे, आणि लेकराला ते कळत्या वयात सांगायचं काम तुझं.

मोलमपल्लीचे जमीनदार बाबूराव शेडमाके यांनी 1858 मध्ये गोंड पोरांची फौज उभी करून इंग्रजांशी लढाई केली. त्या लढाईतली राजगड, घोट ही तुझ्या-माझ्या माहितीतलीच गावं. 21 ऑक्टोबर 1858 ला त्यांना चंद्रपूरच्या तुरुंगात फाशी दिली, तेव्हा वय अवघं पंचवीस. 2009 मध्ये त्यांच्या जयंतीला, 12 मार्चला, टपाल तिकीट निघालं. त्याआधी चांद्याच्या, म्हणजे चंद्रपूरच्याच, गादीवर बाबजी बल्लाळशहा होऊन गेले, म्हणजे या वळणाचं नाव राजाच्याही घरात शोभलं. हे माहीत असलेला मुलगा चिडवण्याने रडत घरी येणार नाही, बघ.

आता जे खरं सांगायचंय ते. हे नाव फार पातळ होतं गं. आपल्याकडे दिसेल त्या लहान पोराला 'बाबू' म्हणतात, सिरोंचाकडे तेलुगू बोलणारेही लाडाने 'बाबू'च म्हणतात. मग बाबूचा बाबाजी होतो, बाब्या होतो, बाबाराव होतो. घरात खुशाल काहीही म्हणा. पण अंगणवाडीच्या वहीत एकदा नुसतं 'बाबू' गेलं की तेच शाळेत जातं, आणि दहावीच्या गुणपत्रिकेवर छापून येतं. गोदावरीपलीकडे तर 'बाबू राव' असं दोन शब्दांत लिहायची रीत आहे. आधारवाल्याने तसं टाइप केलं तर 'राव' आडनावाच्या रकान्यात जाऊन बसतो.

शिवाय आपण गोंड माणसं. उद्या त्याला जातवैधता काढावी लागेल, तेव्हा समिती 6 सप्टेंबर 1950 च्या आधीचे पुरावे मागेल: आज्या-पणज्याचा दाखल-खारीज उतारा, कोतवाल बुकातली नोंद. म्हणून आजेसासऱ्यांचं कागदावरचं नाव काय होतं ते आत्ताच बघून ठेव. पूर्वी 'बाबूराव' हे कितीकदा फक्त मानाने हाक मारायचं नाव असायचं. आपल्या घरातही तसंच असू शकतं. शेडमाक्यांच्या वडिलांचं नाव पुस्तकांत कुठे पुलेश्वर, कुठे पुल्लेसूर असं येतं, आडनावही कुठे सेडमाके. इतिहासात ते चालून जातं. आपल्या वंशावळीत एक अक्षर इकडचं तिकडे झालं की प्रतिज्ञापत्रं करत तहसीलला खेटे घालावे लागतात. त्यात रोजी बुडते ती वेगळीच.

तर ग्रामसेवकाकडे जाताना कागदावर स्वच्छ लिहून ने: बाबूराव, एका शब्दात, 'बू' दीर्घ. इंग्रजी स्पेलिंगही तूच लिहून दे, त्याच्यावर सोडू नकोस. जन्मनोंदीत नाव टाकायला पहिले बारा महिने पैसे लागत नाहीत. पुढे पंधरा वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून टाकता येतं, पण तेवढं थांबायचंच कशाला? ऑक्टोबर 2023 पासून जन्मलेल्या लेकरांना शाळेपासून मतदार यादीपर्यंत हाच जन्मदाखला लागणार आहे. आणि हो, 1 मे 2024 ला किंवा नंतर जन्मलेल्याच्या नावापुढे आधी आईचं नाव येतं, मग बापाचं. तुझं नाव माहेरी एक, सासरी दुसरं. तुझ्या आधारवर जे आहे तेच तिथे लाव, नाहीतर त्याच्या नावात तुझाच घोळ शिरेल.

जवाईबापूंना सांग, दाखला हातात आल्यावर खिडकीपाशीच उभं राहून अक्षर अन् अक्षर वाचायचं, मगच गाडीला किक मारायची. आणि मला त्याचा फोटो पाठव, मीपण एकदा बघते.