पोळ्याआधी वासरांची कातडी तपासा

पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांचे खांदे मळताना हळद-तेलाचा हात निघतोच. त्याच वेळी गोठ्यातल्या वासरांच्या मानेवरून, कानामागून आणि डोळ्यांभोवतीही एकदा हात फिरवा. श्रावण-भाद्रपदात काळी जमीन ओली असते, गोठा कोंदट असतो आणि जनावरे दाटीने बांधलेली असतात. अशा वेळी गजकर्णाची बुरशी एका वासराकडून दुसऱ्याकडे सहज जाते. केस झडलेला गोल चट्टा आणि त्यावर जाड, राखाडी-पांढरी खपली ही तिची खूण. खाज फारशी नसते. जनावर सारखे खांबाला अंग घासत असेल, तर ती बहुधा खरूज असते आणि तिचे औषध वेगळे.

अंगावर गाठी आणि सोबत ताप असेल, तर तो लंपी असू शकतो; तेव्हा मात्र कोणताही पाला वाटत बसू नका. २०२२ च्या ऑगस्टमध्ये लंपीची साथ आपल्याच रावेर तालुक्यातल्या चिनावलला दिसली होती. तो विषाणूचा आजार आहे. १९६२ या क्रमांकावर फोन करून पशुवैद्यकाला बोलवा.

गजकर्णावर उपयोगी पडणारी झाडे खान्देशात बांधावरच उभी आहेत. धुळ्याचे वनस्पतिशास्त्रज्ञ डॉ. डी. ए. पाटील यांनी धुळे-नंदुरबारच्या वनस्पतींचा ग्रंथ २००३ मध्ये सिद्ध केला. या भागातल्या आदिवासींकडच्या वनौषधींच्या नोंदीही त्यांनी केल्या. माझ्या मते गजकर्णावरच्या झाडांत पहिला मान टाकळ्याचा, म्हणजे आपल्या तरोट्याचा. त्याच्या बियांत क्रायसोफॅनॉलच्या कुळातली बुरशीरोधक द्रव्ये आहेत. जुनी माणसे हे बी आंबट ताकात वाटून चट्ट्यावर लावत. सध्या बी कोवळे असेल, तर पाल्याचा रस चालतो. दुसरे करंजाचे तेल. त्यात हळद कालवा, कारण हळदीतले कुरकुमिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, तेलात उतरते. लसूण घ्यायचा तर ठेचूनच. त्यातले अॅलिसिन पाकळी चिरडल्यावर तयार होते.

एवढे असूनही अपेक्षा मापातच ठेवा. प्रयोगशाळेत बशीतली बुरशी रोखतो तो गाळून घट्ट केलेला अर्क असतो; घरचा लेप तेवढा तीव्र नसतो. शिवाय वासरांचे गजकर्ण बऱ्याचदा एक ते चार महिन्यांत आपोआप बरे होते आणि श्रेय लेपाला मिळते. तरीही चट्टा लहान असतानाच लेप लावावा असे मी आग्रहाने सांगेन. बुरशी कडेने वाढत जाते, म्हणून लेप चट्ट्याच्या बाहेर दोन बोटे घ्यावा.

आधी खपली कोमट पाण्याने भिजवून मऊ करा आणि हळूच काढा. ती उकिरड्यावर टाकू नका, जाळून टाका. बुरशीचे बीजाणू तिच्यातच असतात आणि गोठ्याच्या लाकडात, दाव्यात, खुंट्यावर महिनोन्‌महिने जिवंत राहतात. लेप लावला पण दावे तेच ठेवले, तर सारी मेहनत वाया जाते. बाधित वासरू वेगळे बांधा, त्याला उन्हात ठेवा, हिरवा चारा द्या. हा आजार माणसालाही होतो. म्हणून हातमोजे घाला, निदान साबणाने कोपरापर्यंत हात धुवा, आणि लहान मुलांना त्या वासराशी खेळू देऊ नका.

लेप आधी थोड्या जागेवर लावून एक दिवस पाहा. डोळ्यांजवळ लसूण, करंज किंवा रुईचा चीक अजिबात नको. चट्ट्यावर जळके ऑईल किंवा रॉकेल लावण्याची सवय सोडाच. जनावर अंग चाटते आणि ते पोटात जाते. करंजाचे तेल पाजायचे नाही. दुभत्या गाईच्या सडांनाही ते लावू नका, दुधाला वास येतो.

बुरशी चाऱ्यावर आली असेल, तर यातली कोणतीही वनस्पती कामाची नाही. भिजलेला कडबा, बुरसटलेली सरकी पेंड किंवा मका यांत तयार झालेले अफ्लाटॉक्सिन उकळून किंवा कडुनिंबाचा पाला घालून जात नाही. तो माल गव्हाणीत टाकू नका.

चट्टे डोळ्यांच्या पापण्यांवर आले, दोन-तीन आठवड्यांत वाढतच गेले किंवा घरात कुणाच्या अंगावर उठले, तर दवाखाना गाठा. पशुवैद्यक चट्ट्याच्या कडेचे केस आणि खपली तपासून नेमके निदान करू शकतात. आणि आश्विन-कार्तिकात तरोट्याच्या शेंगा वाळल्या की बी झोडून, उन्हात कडक वाळवून डब्यात भरून ठेवा. पुढच्या पावसाळ्यात ते घरात असेल.