शाळकरी मुलांचें वजन व त्यांचें ताट

मूल कृश असलें कीं ‘पुढें अंग भरेल’ असें आपण म्हणतों. स्थूल असलें कीं ‘खात्यापित्या घरचें आहे’ म्हणून संतोष मानितों. हीं दोन्ही मतें तपासून पाहिलीं पाहिजेत.

सन २०१६ ते २०१८ ह्या काळांत सरकारनें मुलांच्या पोषणाची देशभर पाहणी केली. तींत १० ते १९ वर्षांच्या मुलामुलींपैकीं शेंकडा २४ कृश व शेंकडा ५ वाजवीपेक्षां जड आढळलीं. म्हणजे ह्या दोन्ही अडचणी आपल्याच देशांत एकत्र नांदत आहेत.

ह्याचें कारण काय? ह्या वयांत हाडें व स्नायू झपाट्यानें वाढतात. अन्न अपुरें पडल्यास ही वाढ खुंटते. उलटपक्षीं, शरीराच्या खर्चाहून अधिक अन्न नित्य पोटांत गेल्यास तें चरबीच्या रूपानें सांठतें. गोड पेयाच्या ३०० मिलिलिटरच्या बाटलींत बहुधा ३० ग्रॅमच्या आसपास साखर असते. तिनें भूक भागत नाहीं, मात्र वजन वाढतें. त्यांत रात्रीं मोबाईल पाहत जागरण झालें, तर दुसऱ्या दिवशीं भूक वाढते व खेळण्याचा उत्साह उरत नाहीं.

मग आपण काय करावें?

पहिलें, ज्वारी-बाजरीची भाकरी, डाळ किंवा उसळ, पालेभाजी, शेंगदाणे, हंगामांतील फळ, आणि ऐपतीप्रमाणें दूध वा अंडें द्यावें. पुडींतील तळलेल्या खाऊवर पैसा खर्चूं नये.

दुसरें, रोज निदान ६० मिनिटें खेळ, चालणें अथवा अंगमेहनत, आणि ८ ते १० तास झोप असावी.

तिसरें, मुलीला सर्वांबरोबर वाढावें. पुष्कळ घरांत ती शेवटीं उरेल तें खाते; परंतु मासिक पाळी सुरू झाल्यावर तिला लोहाची गरज अधिक असते.

चौथें, ‘जाड्या’, ‘काडी’ अशीं नांवें ठेवूं नयेत. लाजेनें मुलें चोरून उपाशी राहतात, आणि उपासानें वाढत्या शरीराची हानि होते.

नुसत्या काट्यावरून निर्णय करूं नये. वय व उंची ह्यांच्या मानानें वजन योग्य आहे कीं नाहीं, हें आरोग्यकेंद्रांत विचारावें.

विचारार्थ प्रश्न: आपल्या घरीं शेवटीं कोण जेवतें? त्याच्या ताटांत काय उरतें?