डायलिसिसविना मूत्रपिंड-शुश्रूषा : प्रथम रुग्णास विचारावे

अहवालाच्या या विभागात आम्ही जमाखर्चाबरोबर एखादा आरोग्यविषय वाचकांपुढे ठेवत असतो. यंदाचा विषय काहींना खटकेल, याची आम्हांस जाणीव आहे. मूत्रपिंडे निकामी झाली की डायलिसिस, हे समीकरण आता घरोघरी पक्के झाले आहे; आणि ज्याचे डायलिसिस होत नाही त्याला उपचारच नाहीत, अशी समजूतही त्यापाठोपाठ रूढ झाली आहे. ती खरी नाही.

डायलिसिस न करता रुग्णाची पद्धतशीर शुश्रूषा करणे ही एक स्वतंत्र उपचारपद्धती आहे. मूत्रपिंडविकारांसंबंधी मार्गदर्शक सूत्रे ठरविणाऱ्या 'केडिगो' या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या अहवालात तिची व्याख्या आहे. उरलेले मूत्रपिंडकार्य शक्य तितके टिकविणे, त्रासदायक लक्षणांवर इलाज करणे, रुग्ण व कुटुंबीय यांच्याशी मोकळेपणाने बोलून पुढील आखणी करणे आणि मानसिक आधार देणे, एवढे सारे तीत येते. याच अहवालातील एक भेद आम्हांस फार मोलाचा वाटतो. विचारपूर्वक डायलिसिस न स्वीकारणे वेगळे आणि सोय वा पैसा नाही म्हणून ते न होणे वेगळे. दुसऱ्यास निवड म्हणता येत नाही. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आणि २०१६ साली जाहीर झालेला राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम यांमुळे पैशाची अडचण पुष्कळ अंशी कमी झाली. म्हणूनच निवडीचा प्रश्न आता खऱ्या अर्थाने विचारता येतो.

तरुण व अन्यथा सशक्त रुग्णास डायलिसिस आणि शक्य तेथे प्रत्यारोपण हाच मार्ग, याविषयी दुमत नाही. प्रश्न आहे तो पंचाहत्तरी ओलांडलेल्या, हृदयविकाराने व मधुमेहाने आधीच जर्जर झालेल्या रुग्णांचा. ब्रिटनमधील ७५ वर्षांवरील १२९ रुग्णांचा अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. डायलिसिसचा मार्ग धरलेल्यांपैकी ८४ टक्के एका वर्षानंतर हयात होते, इतरांपैकी ६८ टक्के. मात्र ज्यांना हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा विकार व अन्य गंभीर आजार होते, त्यांच्या बाबतीत हा लाभ उरला नाही.

आम्ही वाणिज्य शाखेचे, त्यामुळे हिशेब मांडल्यावाचून राहवत नाही. आठवड्यास तीन वेळा, प्रत्येक वेळी सुमारे चार तास, म्हणजे वर्षाकाठी १५६ फेऱ्या व ६२४ तास यंत्राजवळ. उपचार मोफत असला तरी आडगावातून एस. टी.चा प्रवास, सोबत येणाऱ्याची बुडालेली मजुरी आणि घरी परतल्यावरचा थकवा यांची नोंद कोणत्या खात्यात करावयाची?

या थकव्याची दखल जगाने उशिराने घेतली. २०१४ साली सुरू झालेल्या 'साँग' या आंतरराष्ट्रीय उपक्रमात डायलिसिसवरील रुग्ण, त्यांचे आप्त आणि वैद्यकीय मंडळी यांना महत्त्वाच्या गोष्टींचा क्रम लावण्यास सांगण्यात आले. डॉक्टरांनी मृत्युदर व रुग्णालयातील भरती यांना तुलनेने अधिक वजन दिले. रुग्णांनी प्रवास करता येणे, यंत्राविना मिळणारा मोकळा वेळ आणि डायलिसिसनंतर गळून न जाणे यांना. अखेर ठरलेल्या चार प्रमुख निकषांत थकव्याला स्थान मिळाले, ते रुग्णांना विचारले म्हणून.

डायलिसिसविना शुश्रूषेत तर विचारणे हेच मुख्य साधन. लंडनच्या किंग्ज कॉलेजने त्यासाठी लक्षणांची प्रश्नावली तयार केली आहे. पण नुसते भाषांतर पुरेसे नाही. आमच्याकडील आजी 'अस्वस्थता' म्हणत नाहीत, 'पायांत वळवळतं', 'तोंडाला चव नाही' म्हणतात. आणि रात्रभर सुटणारी खाज क्षुल्लक समजून डॉक्टरांना सांगतच नाहीत. विचारल्यास कळते, आणि अल्प मात्रेच्या औषधाने पुष्कळदा आरामही पडतो. धाप व सूज यांवर मीठ कमी करणे व लघवी वाढविणारे औषध, रक्तक्षयावर लोह व इंजेक्शने, असे उपाय आहेत. गुडघेदुखीसाठी दुकानातून परस्पर आणलेल्या गोळ्या मात्र उरलेले मूत्रपिंडही बिघडवितात. स्वयंपाकघरातही पाहावे लागते. सुकी मासळी, लोणचे, पापड यांतील मीठ लोकांच्या ध्यानात येते. आजाऱ्याला मायेने दिलेल्या शहाळ्यातील पोटॅशियम येत नाही, आणि ते अशा रुग्णास घातक ठरू शकते.

कोकणातील घरांची आणखी एक अडचण आहे. निर्णय घेणारा मुलगा मुंबईत, आजारी आई गावी, आणि रात्री उशाशी बसणारी सून फोनवरील चर्चेत कोठेच नाही. 'काहीही करा, पण डायलिसिस चालू करा' हा चाकरमान्याचा आग्रह प्रेमापोटीच असतो. दूर असल्याची टोचणीही त्यात असते. आमची सूचना अशी की, हे बोलणे घाईच्या रात्री न होता आधीच, गणपती-शिमग्याला सारे घरी असताना व्हावे. मूत्रपिंडतज्ज्ञ व नेहमीचे डॉक्टर या दोघांचेही मत घ्यावे आणि प्रथम आईला विचारावे. काही आठवडे डायलिसिस करून पाहणे व न झेपल्यास थांबविणे, हाही पर्याय असतो. पुढे बोलता न आल्यास काय करावे, हे लिहून ठेवण्याचा अधिकार सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली मान्य केला. २०२३ पासून दोन साक्षीदारांसमक्ष सही व नोटरी वा राजपत्रित अधिकाऱ्याचे साक्षांकन एवढ्यावर तो दस्तऐवज होतो.

ज्यांच्या घरी असा रुग्ण होऊन गेला, त्या आप्तांना डॉक्टर व परिचारिकांसमवेत बसवून कोठे काय कमी पडले हे ऐकावे, असाही आमचा प्रस्ताव आहे. त्याला खर्च फारसा नाही. बाकीच्याला आहे. यंत्रासाठी देणगी मिळविणे त्या मानाने सोपे, कारण त्यावर नामफलक लागतो. येथे खर्च पडतो तो गृहभेटीस जाणाऱ्या परिचारिकेचे वेतन, तिच्या दुचाकीचे पेट्रोल, आहारतज्ज्ञाचा अर्धा दिवस आणि रात्री फोन उचलणारा माणूस यांवर, आणि ताळेबंदात मालमत्तेच्या बाजूस यांतले काहीच दिसत नाही. अंदाजपत्रकात त्यासाठी स्वतंत्र शीर्ष असावे, अशी विनंती आम्ही विश्वस्त मंडळास करीत आहोत. ज्या देणगीदारांना आपली रक्कम या कामी लागावी असे वाटेल, त्यांनी देणगी देतेवेळी 'गृहशुश्रूषा' असा स्पष्ट उल्लेख करावा, म्हणजे ती अन्य खात्यात वर्ग होणार नाही.